जुगाराच्या यादीत माझे डाव

मी डाव करतो. स्वयंपाकघरातला, भात वाढायचा, पातेल्यात ढवळायचा तो डाव. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हे नीट न सांगितल्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

अठ्ठावीस वर्षं हेच काम. पत्रा कापायचा, ठोकून वाटी काढायची, दांडा बसवायचा, रिव्हेट मारायचा आणि घासून इतका गुळगुळीत करायचा, की वाढणाऱ्याच्या तळव्याला कुठे कड लागू नये. कारखाना म्हणजे घरामागची लांबट खोली, दोन यंत्रं आणि एक ऐरण. दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोने संगणकाचा वर्ग लावला आणि शिकल्या शिकल्या आमच्या डावांची वेबसाइट काढली. फोटो तिने काढले, मजकूर मी लिहिला. मजकूर मी लिहिला, ही गोष्ट ती मला अजून दिवसातून एकदा तरी ऐकवते.

पण मला सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही. ज्या बाईंनी माझी वेबसाइट बंद केली, त्यांच्याबद्दल सांगायचंय. सगळं त्यांचं खातं त्यांना यादीताई म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणणार.

झालं असं, की एका सोमवारी सकाळी बायकोने ऑर्डरी बघायला साइट उघडली, तर फोटोंच्या जागी पांढरं पान आणि त्यावर दोन ओळी: ‘हे संकेतस्थळ जुगाराचे असल्याने सरकारी आदेशानुसार बंद करण्यात आले आहे.’ तिने मला हाक मारली. मी हातोडा हातात घेऊनच गेलो. पान तीनदा वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आयुष्यात पत्त्यांच्या कॅटला हात लावला नाही हो मी. मला बदाम आणि इस्पिक यातलं काळं कोणतं तेसुद्धा आठवावं लागतं.

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “तुम्ही असं काही कराल असं वाटलं नव्हतं.” मी खुलासा करेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. संध्याकाळी केस कापायला गेलो, तर न्हाव्याने आधी दाराबाहेर डोकावून बघितलं आणि मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, “कसं चालतं हो ते? आम्हालाही घ्या की आत.” वीस वर्षांत तो माणूस माझ्याशी इतक्या आदराने बोललेला मला आठवत नाही. घरी येऊन हे सांगितलं तर बायको पोट धरून हसली. मला अजिबात हसू आलं नाही. ऑर्डरी थांबल्या होत्या, आणि नाव जात होतं ते वेगळंच.

मंगळवारी मी सरकारी कचेरी गाठली. चौथा मजला, लिफ्ट बंद. जुगाराच्या साइटी बंद करणारं खातं म्हणजे मला वाटलं होतं की मोठमोठे पडदे असतील, लाल दिवे लुकलुकत असतील. तिथे एक खोली होती, तीन टेबलं होती, एक घरघरणारा पंखा होता आणि खिडकीजवळच्या टेबलामागे एक ठेंगण्या बाई चष्मा कपाळावर चढवून काहीतरी वाचत होत्या. वय साठीला टेकलेलं. टेबलावर कागदांचे चार गठ्ठे, चारही काटकोनात.

“काय काम?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तुम्ही माझे डाव बंद केलेत,” मी म्हटलं.

आता त्यांनी मान वर केली. चष्मा नाकावर उतरवला, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “तेवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी स्वतःहून इथवर आलंय. बसा. हिंमत आहे तुमची.”

मी बसलो आणि भडाभडा बोललो. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता एका गठ्ठ्यातून अचूक एक कागद ओढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. “हा तुमचाच मजकूर ना? वाचा.”

मी वाचू लागलो. ‘घरबसल्या डाव! छोटा डाव, मोठा डाव, जोडडाव. एकदा आमचा डाव हाती घ्याल, तर दुसरीकडे जाणार नाही! पहिल्या डावावर खास सवलत. मनासारखा डाव न मिळाल्यास पैसे परत. हजारो कुटुंबांचा विश्वास. लक्षात ठेवा, आमचा डाव कधीच उलटत नाही!’

शेवटच्या ओळीला माझा आवाज जरा बसला.

“आता सांगा,” यादीताई म्हणाल्या, “मी काय समजायचं?”

“अहो, दांड्याचा तोल असा असतो, की पातेल्याच्या काठावर ठेवला तरी तो उलटत नाही! डाव, बाई, डाव! वाढायचा!” आणि मी पिशवीतून दोन नंबरचा पितळी डाव काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो हातात घेतला. एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, “ही तर पळी.”

“तुमच्याकडे पळी म्हणत असतील, आमच्याकडे डाव म्हणतात.”

“भांडं, वाटी, स्टील, पितळ, यातला एक तरी शब्द लिहायचा होतात.”

“फोटोत दिसतंय की सगळं!”

“फोटो मला दिसत नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा पडला.

मग कळलं ते असं. जुगाराच्या साइटींवर सतत काहीतरी फिरत असतं, चमकत असतं, नाणी पडत असतात. ते सगळं उघडलं, की कचेरीतला म्हातारा संगणक मान टाकायचा. म्हणून यादीताईंनी स्वतःच नियम केला होता: चित्रं बंद ठेवायची, फक्त अक्षरं वाचायची. तेवीस वर्षं तो नियम उत्तम चालला. तो पहिल्यांदा अडखळला माझ्या डावापाशी.

“चूक झाली,” त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की पलीकडच्या टेबलावरच्याला ऐकू गेलं नसावं.

मला वाटलं, संपलं. चूक झाली म्हणाल्या, आता बटण दाबतील, साइट उघडेल, मी जेवायला घरी. पण सरकारी खात्यात तसं कुठे होतं? साइट बंद करायचे सात प्रकारचे कागद होते. उघडायचा एकच होता, नमुना क, आणि त्यावर छापलेलं होतं: ‘मी यापूर्वी चालवत असलेला जुगार पूर्णपणे थांबवला असून यापुढे चालवणार नाही.’ खाली सही.

“म्हणजे मी जुगार सोडला असं लिहून द्यायचं? जो मी कधी खेळलोच नाही?”

“साहेबांशी बोलावं लागेल,” त्या म्हणाल्या. साहेब गुरुवारी येणार होते.

अशा माझ्या कचेरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. साहेब कधी बैठकीत असायचे, कधी बैठकीच्या वाटेवर. मी यादीताईंच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून वाट बघायचो, आणि बसून बसून त्यांचं काम बघायचो. सांगायला हरकत नाही, रागाने बसलो होतो, पण दुसऱ्या दिवशीच मला मजा यायला लागली.

सकाळी साडेनऊला त्या लोकांनी पाठवलेल्या तक्रारी उघडायच्या. कोणाची बहीण लिहायची, कोणाचे वडील. ‘आमचा माणूस यात अडकलाय, हे बंद करा.’ प्रत्येक तक्रार त्या पूर्ण वाचायच्या, मधे कोणी हाक मारली तर बोट ओळीवर ठेवून ‘हं’ म्हणायच्या. मग एकेक पत्ता उघडायचा, मजकूर वाचायचा, छापून घ्यायचा, रकाने भरायचे. दुपारी चारला यादी इंटरनेट कंपन्यांकडे जायची. दुसऱ्या सकाळी त्या साइटी बंद. आणि दुसऱ्याच दुपारी त्याच साइटी पुन्हा सुरू, नावापुढे एक आकडा वाढवून.

“हा बघा भाग्यबादशहा,” त्या मला दाखवायच्या. “काल सात होता, आज आठ झाला. मी याला एकपासून ओळखते. आणि या बाई, लक्ष्मीमहल. गेल्या महिन्यात यांचं नाव सोनमहल होतं. नाव बदललं, पण ‘आजच’ला ‘आझच’ लिहायची सवय काही गेली नाही.”

साइट कितीही वेषांतर करून आली, तरी शुद्धलेखनावरून त्या तिला पकडायच्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीवरून त्यांनी एकाच मालकाच्या चौदा साइटी हुडकल्या होत्या. जुगारवाल्यांनाही हे कळलं असावं, कारण एका साइटीने मजकूर तपासायला माणूस हवा अशी जाहिरात दिली होती. ती जाहिरात त्यांनी कापून काचेखाली ठेवली होती.

एकदा न राहवून मी विचारलं, “ताई, तुम्ही शंभर बंद करता, दीडशे उगवतात. लोक वेगळ्या वाटेने आत जातात ते वेगळंच. मग हे कशाला?”

मला वाटलं चिडतील. त्या हसल्या. “डाववाले, तुमच्या घरी केर रोज काढता ना? उद्या परत पडणार म्हणून आज ठेवून देता का?” मग म्हणाल्या, “आणि एक सांगू? एखादा माणूस रात्रभर ठरवून ठरवून सकाळी साइट उघडतो, आणि ती उघडत नाही. दुसरी शोधेपर्यंत दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांत कोणाला तरी चहा प्यायची आठवण होत असेल. मी त्या दहा मिनिटांसाठी काम करते.”

मला ही बाई आवडायला लागली होती. माझं दुकान बंद केलेलं असूनही.

पण चौथ्या फेरीला मला कळलं, की या सगळ्यात अडकलोय तो मी एकटा नाही. यादीताई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. सेवापुस्तकात चुकीची एकही नोंद नसेल, तर त्या खात्यात ‘निष्कलंक सेवा’ असं प्रशस्तिपत्र मिळायचं. ते फार थोड्यांना मिळालं होतं. त्यातलं एक यादीताईंच्या वडिलांना. तेही याच कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर चौतीस वर्षं होते. आता नव्वदीला आलेत, कानांनी कमी ऐकू येतं, लेकीपाशी राहतात. त्यांचं प्रशस्तिपत्र बैठकीच्या खोलीत लावलेलं, आणि शेजारी तेवढ्याच आकाराची चौकट यादीताईंनी आधीच करवून ठेवली होती. रोज संध्याकाळी घरी गेल्या, की वडील पहिला प्रश्न विचारायचे, “आज किती?” म्हणजे किती साइटी. आकडा मोठा असला की म्हातारा खूश.

“लहानपणापासून एकच ऐकत आलेय,” त्यांनी मला सांगितलं. “बाबांच्या हातून कधी चूक झाली नाही. मला ते प्रशस्तिपत्र हवंय, डाववाले. खोटं कशाला बोलू? मला ते फार हवंय.”

माझी साइट उघडायची असेल, तर एक तर मी जुगारी होतो असं लिहून द्यायचं, नाही तर त्यांनी ‘मी चुकले’ असं लिहून द्यायचं. यांपैकी एक मान खाली जाणार होती.

घरी बायकोने माझा पार पिच्छा पुरवला. “करा की सही. त्या कपाटातला कागद कोण वाचायला जातंय? मी सांगते, सही करा आणि त्या बाईंचा महिना सुखाने जाऊ द्या.”

“आणि उद्या न्हाव्याने विचारलं तर?”

“त्याला सांगा, सोडलं मी.”

तिचंही खरं होतं. पाचव्या फेरीला अखेर साहेब भेटले. साहेब माणूस वाईट नव्हते, पण कागदाला कागद जुळला की त्यांना झोप लागत असे. त्यांनी नमुना क माझ्यापुढे सरकवला आणि गोड आवाजात म्हणाले, “हे बघा, तुमचंही काम होतंय, बाईंचंही नाव स्वच्छ राहतंय. सगळ्यांच्या सोयीचं आहे.”

यादीताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी पेन घेतलं. जिवावर आलं होतं, पण घेतलं. त्यांच्यासाठीच घेतलं, हे मी आज उघड सांगतो. सही करायला पेन टेकवलं, आणि कागदावर एक हात येऊन पडला. यादीताईंनी पंजा पसरून तो सबंध मजकूर झाकला होता. माझ्या पेनाची रेघ त्यांच्या करंगळीवर उमटली.

“हे खोटं आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “माझ्या यादीत खोटं जात नाही.”

“अहो, पण बाई, एकदा विचार करा. पंधरा दिवस राहिलेत.”

“पंधरा दिवसांपासून विचारच करतेय. हे गृहस्थ वाढायच्या पळ्या करतात. यांनी सही केली, तर माझ्या यादीत एक खोटा जुगारी कायमचा राहील. मी घरी जाईन, तो राहील.”

“उघडायला दुसरा नमुना नाही.”

“मग मी करते.”

आणि त्यांनी खरंच केला. तिथेच बसून, कोरा कागद घेऊन, पट्टीने रेघा मारून त्यांनी नमुना ख तयार केला: ‘खात्याच्या चुकीमुळे बंद झालेले संकेतस्थळ उघडणेबाबत.’ रकाने पाच. चूक कोणाची, या रकान्यात स्वतःचं नाव. चुकीचे कारण, या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: ‘डाव म्हणजे भांडे, हे मला कळायला हवे होते. पान चित्रांसह उघडले नाही.’ खाली सही, तारीख. साहेबांनी पाच मिनिटं छताकडे बघितलं, मग सहीशेजारी सही केली. ते तरी काय करणार? कागद चोख होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची साइट उघडली. बायकोने आधी मजकूर बदलला. प्रत्येक डावाच्या आधी ‘वाढायचा’ हा शब्द घातला, आणि ‘उलटत नाही’ हे वाक्य मी हातापाया पडलो तरी ठेवलं नाही. आठवडाभरात यादीताईंचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. दुसऱ्या टेबलांवरून चुकून बंद झालेल्या आणखी तीन साइटी त्यांनी नमुना ख वापरून उघडल्या होत्या. एक कुस्तीच्या आखाड्याची होती, तिच्यावरही सगळे डावच डाव. एक होती लहान मुलांच्या सोंगट्या विकणारीची. तिसरी एका भाजीवाल्याची. पत्ताकोबी स्वस्तात देतो असं सांगताना तो नुसतंच ‘पत्ता’ लिहायचा. “हे लोक किती दिवस गप्प बसून होते, डाववाले! त्यांना उघडायचा कागदच नव्हता!”

वडिलांना सांगितलं का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला आणि बायकोला बोलावलं. कचेरीच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत इस्त्री केलेल्या सदऱ्यातले त्यांचे वडील ताठ बसले होते, काठी दोन गुडघ्यांमध्ये. जुन्या लोकांनी येऊन त्यांना नमस्कार केले. खात्यात चौतीस वर्षं बिनचूक काम केलेला माणूस म्हणून नव्या लोकांना त्यांची ओळख करून देण्यात आली, आणि प्रत्येक वेळी यादीताई आपल्या हातातल्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत होत्या.

साहेब बोलायला उभे राहिले. माणूस चांगला, शेवटी त्यांना मोठेपणा दाखवायची लहर आली. “कागदोपत्री काहीही असो,” ते म्हणाले, “मी तर म्हणेन, की आमच्या यादीताईंच्या हातून तेवीस वर्षांत एकही चूक झाली नाही!”

टाळ्या वाजायच्या आत यादीताई उठल्या. “एक झाली, साहेब,” त्या म्हणाल्या. “ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय.”

सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. बायकोने कोपर मारलं म्हणून मी उठून उभा राहिलो आणि हात जोडले. लोक हसले. पण यादीताई हसल्या नाहीत. त्या पहिल्या रांगेकडे बघत होत्या. साठीला टेकलेली ती बाई, शाळेतून कमी गुण घेऊन आलेल्या मुलीसारखी बघत होती.

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. “काय म्हणाली ही?” त्याने शेजारच्याला विचारलं. शेजारच्याने कानाशी वाकून सांगितलं.

“एक?” म्हातारा म्हणाला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज तो, शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. “तेवीस वर्षांत एकच? अगं, माझ्या सतरा झाल्या होत्या! आमच्या वेळी कागद फाडून टाकता यायचे!”

मग असा हशा उसळला, की साहेबांचं भाषण राहूनच गेलं. यादीताई तोंडावर हात ठेवून वडिलांकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढला, खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेल्या, त्यांच्या काठीपाशी खाली बसल्या आणि हसत हसत त्यांना विचारायला लागल्या, “कुठल्या सतरा, बाबा? एकेक सांगा मला. पहिलीपासून सांगा.”